येताहेत, आधण ठेवा

सोलापुरात मोटारी आल्या त्या लोकांना हिंडता-फिरता यावं म्हणून नव्हे. त्या कुठं तरी धडकाव्यात आणि आमच्या समोरच्या काकांना घराबाहेर पडायला निमित्त मिळावं, एवढ्यासाठीच आल्या, असं माझं ठाम मत आहे. शुक्रवार पेठेत आमच्या दारासमोरच्या एका खोलीत ते एकटे राहत. गिरणीच्या कचेरीतली कारकुनी संपलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सकाळी पाणी भरलं, भात टाकला, की उरलेला दिवस त्यांना खायला उठायचा. पण बाहेर कुठं टायर करकरलं, बैल हंबरला, माणसांचा गलका झाला, की काका टोपी चढवत असे निघत, की जणू मुहूर्तच टळत चाललाय. गावात मोटारी तशा मूठभर. पण रस्ते बैलगाड्यांच्या, टांग्यांच्या आणि भर रस्त्यात सुताचे ताणे पसरणाऱ्या विणकरांच्या मालकीचे असल्यामुळं काकांना काम कमी पडत नसे.

मोटार धडकल्यावर काय करायचं याचं एक शास्त्रच त्यांनी बसवलं होतं. पहिलं कलम पाण्याचं. सगळ्यांनी खाली बसून पाणी प्यायल्याखेरीज ते कुणाला भांडू देत नसत. एकदा होटगीकडच्या एका शेतकऱ्याच्या बैलगाडीला उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं ठोकर दिली. शेतकरी चाबूक उगारून ओरडत होता, "माजी चूक न्हाय! कानात पोंगा वाजवल्यावर बैल बिचकंल न्हाय तर काय नाचंल व्हय?" आणि ड्रायव्हर दखनीतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. काकांनी दोघांच्या हातात एकेक तांब्या दिला. म्हणाले, "आधी प्या. मग मी स्वतः तुमचं भांडण लावून देतो." पाणी पोटात गेल्यावर शेतकऱ्यानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, ड्रायव्हरनं विडी पुढं केली आणि भांडण राहूनच गेलं. काका मात्र जरा हिरमुसले, कारण त्यांची पुढची कलमं सांगायची राहिली होती.

दुसरं कलम असं की मोटार जागची हलवायची नाही. कोण कुठं होतं ते सरकारी माणसाला दिसलं पाहिजे. ह्यापायी त्यांनी एका बड्या असामीची मोटार भर बाजारात अडवून धरली होती. जखमी काय, तर चाकाखाली आलेला एक भोपळा. अखेर हवालदार आला. त्यानं भोपळ्याकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं आणि तो चालता झाला.

पण खरं कलम तिसरं. डॉक्टर मागून, पोलीस त्याच्याही मागून. आधी घरी निरोप गेला पाहिजे. हे काम ते दुसऱ्या कुणाला देत नसत. दारात उभं राहायचं, चेहरा हसरा ठेवायचा आणि म्हणायचं, "वहिनी, येताहेत, आधण ठेवा." अपघात हा शब्द तोंडातून काढायचा नाही. पुढं पुढं काका नुसते गल्लीत वळले तरी बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. एकदा नावांच्या सारखेपणामुळं निरोप भलत्याच घरी गेला. तिथले गृहस्थ संध्याकाळी धडधाकट परतले, तर बायको डोळे पुसत म्हणते, "लागलंय कुठं ते तरी दाखवा की!" बिचारे रात्री झोपेपर्यंत कुठं काही लागलं नसल्याची माफी मागत होते. आणि जखमी माणसाला घरी आणल्यावर काका त्याला कधी उचलून आत नेऊ देत नसत. दारापाशी त्याचं तोंड पुसायचे, टोपी सरळ करायचे, खांद्याचा आधार देऊन त्याच्या पायांवर त्याला उंबरा ओलांडायला लावायचे. "आत माणूस आहे, घाबरेल," म्हणायचे.

हे खूळ कुठून आलं ते त्यांनी एकदाच, आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. तरुणपणी अक्कलकोटच्या रस्त्यावर ते बसले होते ती मोटार कलंडली होती. पुढं निरोप कुणीच दिला नाही. चौघांनी घोंगडीत घालून त्यांना तसंच दारात आणलं. बायको भाकरी थापत होती. "तिनं पाहिलं आणि तिला वाटलं, मी गेलो," काका म्हणाले. "मी महिन्यात बरा झालो हो. तिची मात्र धास्ती गेली नाही. वर्षाच्या आत तीच गेली." त्यानंतर ते स्वतः कधी मोटारीत बसले नाहीत.

आणि अखेर मोटारीनंच त्यांना गाठलं. बाजाराच्या रस्त्यावर एका सर्व्हिस मोटारीचं चाक बैलगाडीत अडकलं आणि बैल जुवाखाली चेंगरू लागला. बैलासाठी काकांनी मोटार न हलवण्याचं आपलं दुसरं कलम मोडलं. मोटारीच्या मागं उभं राहून ते ड्रायव्हरला हातानं बोलावू लागले, "या, या, अजून या मागं!" ड्रायव्हरनं त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. काका स्वतः बाजूला व्हायचं तेवढं विसरले.

शाळेतलं शिकवणं आटोपून परतताना मी पोहोचलो तेव्हा लिंबाखाली त्यांना बसवलं होतं. पाय मोडला होता. पाणी पाजून झालं होतं, कुणी भांडत नव्हतं. सारं त्यांच्या शास्त्राप्रमाणं चाललं होतं. गाडीवान वाकून म्हणाला, "काका, घरी कुनाला सांगू?" जन्मभर हा प्रश्न काकांनी दुसऱ्यांना विचारलेला.  ते म्हणाले, "नको. कुलूप आहे घराला." आणि खिशातली किल्ली काढून त्यांनी मला दाखवली, माझा विश्वास बसणार नाही असं वाटून की काय.  मी ती किल्ली घेतली आणि घराकडं पळत सुटलो.

"काका येताहेत, आधण ठेव," मी बायकोला म्हटलं.  तिनं समोरचं कुलूप काढलं, केर काढला, शेगडी पेटवली.

पायाला फळ्या बांधून डॉक्टरांनी त्यांना सोडलं तेव्हा दिवेलागण झाली होती. टांगा दाराशी थांबला. खोलीतून धूर येत होता आणि भांड्यांचा आवाज. काकांनी दचकून विचारलं, "कोण आहे आत?"

"आमची मंडळी. आधण ठेवलंय," मी पुढं होऊन म्हटलं.

 बरोबर आलेल्या गाडीवानानं आणि ड्रायव्हरनं त्यांना उचलायला हात घातले, तसे काका एकदम ओरडले, "असं नाही! उभं करा मला."

"पाय मोडलाय न्हवं काका!"

"आत माणूस आहे, घाबरेल."

उपरण्यानं त्यांनी तोंड पुसलं. टोपी वाकडी झाली होती, ती मी सरळ केली. मग आमच्या खांद्यांना धरून, एका पायावर, चेहरा हसरा ठेवून काका आपल्या घरात शिरले.