परातीतलं पाणी

"थुक आधी. चूळ भर."

शाळेच्या नळावर पाचवीतल्या पोरीची मान तिच्या आईनं खाली दाबून धरली होती. पोरगी चूळ भरत माझ्याकडं बघत होती. आपलं काय चुकलं, तिला कळत नव्हतं. मला कळत होतं. मी तिची बाई. राहात्याजवळच्या एका गावात विज्ञान शिकवते.

जलचक्र शिकवायचं होतं. मुलांना म्हटलं, घरून एकेक तांब्या पाणी आणा. सगळं एका परातीत ओतलं, मीठ घातलं. मधोमध रिकामी वाटी. वर प्लॅस्टिक ताणून बांधलं, वाटीच्या नेमकं वर त्यावर खडा ठेवला, परात उन्हात. माझ्या बाटलीतलं पाणीही मी त्यात ओतलं होतं. वर्गातलीच एक म्हणून. दुपारपर्यंत वाफेचे थेंब वाटीत जमले. प्लॅस्टिक काढल्यावर त्या पोरीनं बोट बुडवून चाखलं आणि ओरडली, "बाई, मीठ गेलं!" केवढी हरखले मी!

तेवढ्यात तिची आई तिला न्यायला आली. सगळ्यांचं पाणी एकत्र केलंय, हे पोरीनं तिला कौतुकानं सांगितलं.

"ह्यात तुमचंबी पानी हाय का, बाई?"

"आहे."

"मंग आमच्या पोरीला कशापायी पाजलं?"

जात तिनं उच्चारली नाही. गरजच नव्हती. या गावात आडनाव सांगितलं की रिकामी खोली कालच गेलेली असायची. म्हणून जिल्ह्यातल्याच बेलापूरहून येऊन-जाऊन करते. मधल्या सुट्टीत बाकीच्या शिक्षकांचे डबे एकत्र उघडतात, मी खिडकीशी एकटी जेवते. सवय झाली, असं स्वतःला सांगायचे. साफ खोटं. रोज लागतं ते.

मुख्याध्यापकांनी परात स्वतः उचलली आणि गटारात रिकामी केली.

"बाई, उगाच वाद नको. पुढच्या वेळी तुमचं पाणी घालू नका."

एरवी मी 'बरं सर' म्हणाले असते. आजवर तेच म्हणत आले. आज जीभ वळली नाही.

"सगळ्यांचं पाणी चालतं, माझं नाही, हे मला लेखी द्या, सर."

सर रिकामी परात माझ्या हातात देऊन ऑफिसात निघून गेले. शेजारच्या वर्गाच्या बाई फाटकापाशी हळूच म्हणाल्या, "बदली मागून घ्या. सुखानं राहाल."

नाही मागणार. उद्या भर मैदानात परात मांडणार. पहिलं पाणी माझं, सगळ्यांच्या देखत. एकही पोर आलं नाही तरी ओतणार.