रुमालाखालची तीन बोटं

आमच्या आत्याने भर बाजारात एका माणसाची दोन बोटं दातांनी तोडून थुंकली, असं गल्लीत अजून सांगतात. कोपऱ्यावरचा न्हावी तर थुंकून दाखवतो. "थू! एक इथं पडलं, एक कुत्र्यानं नेलं!" कुत्र्याचा रंगसुद्धा त्याला ठाऊक आहे. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने हसतं आणि वस्तरा गालावर तसाच थांबतो.

साफ खोटं आहे. आत्याचे पुढचे दात तेव्हाही नव्हते. ते तिच्या पहिल्या खेचराने लाथ घालून कधीच पाडले होते. बोटं दोन होती हे मात्र खरं, पण ती तिचीच. आणि ती तुटली नाहीत, मोडली. मी बाबांच्या पाठीमागे उभी होते, मी आवाज ऐकलाय. वाळलेली शेंग टाचेखाली यावी तसा. काट्. मग जरा थांबून पुन्हा, काट्.

आत्या विटा वाहते. भट्टीपासून बांधकामापर्यंत, खेचराच्या पाठीवर, दोन्ही अंगांना लाकडी खोकी लटकवून. तिचा आवाज काढायचा तर घशात मूठभर विटांची भुकटी आहे असं समजायचं आणि प्रत्येक वाक्य भांडणाच्या मधूनच सुरू करायचं. "घासाघीस" हा शब्द तिच्या तोंडून दिवसातून वीसदा तरी येतो. दुसऱ्या कोणी तो वापरलेला मात्र तिला खपत नाही. आई भाजीवालीपाशी "द्या हो, रोजचं गिऱ्हाईक आहे," म्हणते, दोन पावलं निघून जाते आणि मागून हाक येईपर्यंत चपलेचा पट्टा नीट करत बसते. आत्याच्या मते ते नाटक. बाबा कारखान्याच्या ऑफिसात साहेबासमोर मान वाकडी करून "जरा बघा ना, साहेब," म्हणतात. ती भीक.

"मग घासाघीस म्हणजे काय गं?" मी एकदा विचारलं होतं.

"दोघांची कातडी गेली तर घासाघीस," ती म्हणाली. "एकाचीच गेली तर ते सोलणं."

जनावरांच्या बाजारात कातडी खरोखरच जायची. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात, आणि जे काय व्हायचं ते त्याखाली होतं. एक बोट म्हणजे दहा हजार. विकणारा समोरच्याची जितकी बोटं ताठ धरेल तितकी त्याची मागणी. घेणारा त्यातलं एखादं आत दुमडतो, म्हणजे एवढं कमी कर. विकणाऱ्याला पटलं नाही तर तो ते ओढून पुन्हा सरळ करतो. वर दोघांचे चेहरे दगडासारखे, खाली ओढाताण. हात आधी बाहेर काढला त्याने समोरच्याचा भाव मान्य केला. दोघांपैकी कोणी "रुमाल!" म्हणून ओरडलं, की धरलेली मूठ तिथल्या तिथे सोडायची, पंचांनी रुमाल उचलायचा आणि ताठ दिसतील तेवढी बोटं मोजायची. तोच शेवटचा भाव. आणि रुमालाखाली काय झालं ते नंतर कोणी बोलायचं नाही. बोलला तो बाजारातून कायमचा बाद.

या शेवटच्या नियमावर पंजा नावाचा दलाल गब्बर झाला होता. त्याचा हात फावड्याएवढा. भाव करायचा तर तो बोटं सरळ करायचा नाही, उलटी करायचा, मनगटाच्या दिशेने. आदल्या वर्षी गाढव घ्यायला आलेल्या कुंभाराचा अंगठा त्याने सांध्यातून उखडला. कुंभार घामाने भिजला, हात बाहेर काढला, दुप्पट पैसे मोजले आणि घरी गेला. चाक अजून डाव्या हातानेच फिरवतो. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे गप्प.

गेल्या वर्षी आत्याचं खेचर मेलं. चढणीवर, भरल्या खोक्यांसकट. महिनाभर तिने विटा स्वतःच्या पाठीवर वाहिल्या. मग मुकादमाने सांगितलं, सोमवारपर्यंत जनावर आण, नाहीतर तुझी फेरी दुसऱ्याला. तिच्याकडे तीन बोटांएवढे पैसे होते. तीनच, वर एक दमडी नाही. आणि त्या शनिवारी बाजारात ओझ्याचं धड खेचर एकच होतं, पंजाचं.

"बाई, घरी कोणी पुरुषमाणूस नाही का?" पंजा बोलायचा तो पोटातून, ढेकर येता येता राहिल्यासारखा.

"आहे की," आत्या बाबांकडे हनुवटी करून म्हणाली. "पण त्याला ऑफिसात लिहायला बोटं लागतात. टाक रुमाल."

रुमाल पडला. पंजाने पाचही बोटं धरली. पाच! पुढचं मला रुमालाच्या हालचालीवरून कळत होतं. आत्याने करंगळी दुमडली, त्याने ओढली. तिने पुन्हा दुमडली. रुमाल पोत्यात कोंडलेल्या मांजरासारखा उड्या मारत होता. आत्या खेचराच्या कानांकडे बघत होती. तिच्या कानशिलावरची शीर फुगली, तेवढंच. पंजा हसला, आणि काट्.

बाबा पुढे सरकले. आत्याने डाव्या कोपराने त्यांना मागे ढोसलं, मान न वळवता. तिचा ओठ फाटला होता, हिरड्यांनीच चावला असणार. तिने बाजूचं बोट दुमडलं. काट्.

मग रुमाल थांबला. आत्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. हात तिने अजून बाहेर काढला नव्हता, पण खाली काही हलतही नव्हतं. पंजाला वाटलं, संपली. पाचही बोटं आपल्या मुठीत सरळ, गप्प पडली आहेत, आता वाट कशाची बघायची?

"रुमाल!" तो गरजला आणि मूठ सोडली.

पंच म्हातारे. प्रत्येक शब्द च्युइंगगमसारखा ताणतात. त्यांनी रुमाल दोन बोटांनी उचलला आणि वाकून पाहिलं. अंगठा ताठ, पहिलं बोट ताठ, मधलं ताठ. शेवटची दोन सुजून निळी पडलेली, तळव्याकडे लोंबत होती.

"तीऽऽन," पंच म्हणाले.

"तीन कुठली? पाच आहेत!"

"दुमडलेलं आपण मोऽऽजत नाही."

"अहो, ती दुमडलेली नाहीत! मोडली आहेत!"

"अस्सं? कोणी मोऽऽडली?"

 पंजाने सांगितलं तर बाजार गेला, नाही सांगितलं तर खेचर गेलं. मागून कुंभार हसला. नुसता "हे" एवढाच आवाज, पण वर्षभर आत कोंडलेला.

त्या "हे"ने भडका उडाला. पंजाने खेचराची साखळी उपसली आणि कडीसकट आत्याच्या कपाळावर हाणली. कातडी भुवईपासून केसांपर्यंत उघडली. आत्या मागे गेली नाही. पुढे गेली आणि तेच फुटकं कपाळ त्याच्या नाकावर आदळलं. त्याचं नाक बसलं. दोघांचं रक्त तिच्या एकाच पदरावर! कुंभाराने खुंटा उपटून पंजाच्या गुडघ्यावर घातला. पंजाच्या भाच्याने कुंभाराच्या कानाचा चावा घेतला. न्हाव्याची दातांची गोष्ट बहुतेक इथूनच उगवली. मग ज्यांची ज्यांची बोटं पूर्वी मोडली होती ते सगळे आले, काठ्या, लगाम, पाण्याच्या बादल्या, हाताला लागेल ते घेऊन. पंजाचा उजवा हात कोणीतरी दावणीच्या दगडावर धरला आणि कोणीतरी वर टाच दिली. कोण ते मी सांगणार नाही. बाबा तेव्हा तिथेच होते, आणि त्यांच्या बुटाची टाच नंतर मोचीकडे गेली.

आत्या या सगळ्यातून बाहेर आली. डाव्या हाताने पैशांचं पुडकं पंचांच्या मांडीवर टाकलं, खेचराचा दोर घेतला आणि चालू लागली. डोळ्यात रक्त उतरत होतं म्हणून वाट खेचरच शोधत होतं.

दवाखान्यात डॉक्टर कपाळ शिवत म्हणाले, "सहा आठवडे प्लास्टर."

"तीन," आत्या म्हणाली.

"हे बघा, आजी..."

"आजी कोणाला म्हणतोस? चार. माझं शेवटचं."

डॉक्टरांनी "पाच" म्हटलं ते स्वतःशीच. चौथ्या आठवड्यात तिने वीट मारून प्लास्टर फोडलं. बोटं वाकडीच बसली ती कायमची. पंजा आता दुसऱ्या बाजारात असतो म्हणे, डाव्या हाताने.

"मुद्दाम मोडू दिलीस ना?" मी तिला विचारलं. मला ते फार हुशारीचं वाटत होतं.

"मुद्दाम कोण मोडून घेतं गं, बावळट? पण मोडलीच होती, तर वाया कशाला घालवायची?"

मी हेच वाक्य घशात विटा भरून, हात लोंबता धरून गल्लीभर करून दाखवत होते. न्हाव्याकडे दोनदा, लोकाग्रहास्तव. परवा आत्या दारात उभी राहून ऐकत होती, ते मला दिसलंच नाही.

"छान करतेस," ती म्हणाली. "आता महिनाभर बंद."

"आठवडा!"

"टाक रुमाल."

मी पैज लावली. दहा आकडे होईपर्यंत हात काढणार नाही. काढला तर महिना, नाही काढला तर जन्मभर तिची नक्कल करायची मुभा. नकलेसाठी मी दोन दिवस आरशासमोर दगडी चेहरा बसवला होता, मला काय भीती! आईने आकडे मोजायला घेतले.

आत्याने रुमालाखाली माझी करंगळी धरली. दाबली नाही. नुसती धरली, पिल्लू धरावं तशी, आणि स्वतःचं वाकडं बोट त्यावर आणून ठेवलं. खडबडीत गाठ माझ्या सांध्याला लागली.

"इथं," ती म्हणाली. "आधी हे. थांब हं, आता दुसरं दाखवते."

आई तीनवर होती. माझा हात बाहेर होता आणि तो मी छातीशी धरला होता.

"महिना," आत्या म्हणाली आणि रुमालाची घडी करून कमरेला खोचली.