प्लास्टिकचे प्याले

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पुढचं आयुष्य गवंडीकामात गेलं. तरी आमच्या चर्चच्या मंडळीच्या पंचांपेक्षा शुभवर्तमान मला जास्त कळतं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

चोपड्याकडे एका केळीच्या बागेत मी पाण्याची टाकी बांधत होतो. सातपुड्यातून मजुरीला आलेली एक पावरा आदिवासी बाई तिथे घड वाहायची. दुपारी भाकरी सोडताना तिने विचारलं, "आबा, जेवणाआधी डोळे मिटून काय बोलता?" मी येशूचं सांगितलं. रोज थोडं थोडं सांगत गेलो. टाकी पुरी झाली तेव्हा ती म्हणाली, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. तिला कोणी कसलाही गूळ दाखवलेला नव्हता.

मी पाळकांच्या कानावर घातलं. पंच जमले. मोठे पंच म्हणजे पेन्शनीतले मास्तर, त्यांना सगळे नाना म्हणतात. ते तापले. "बाहेरच्याले सांगाले तुले कोनी सांगं? देवले जो पाहिजे, त्याले तो सोता बलाई लेस."

मी म्हणालो, "नाना, तुमना आजाले देवनी चिठ्ठी धाडेल व्हती का?"

पाळक खोकले. नानांच्या आजोबांना एका गोऱ्या पाद्र्याने चिंचेखाली बसवून सांगितलं, हे नानाच दर नाताळात ऐटीत सांगतात. ती चिंच यांच्या घराण्यापुरतीच उगवली होती म्हणायची.

दुसरे पंच म्हणाले, धर्मांतर केलं म्हणून गावात लोक पोलिसांत अर्ज करतील. भित्र्याला मी हसत नाही. पण भीतीला शास्त्राचा सदरा घालून मिरवतात, त्याचा मला वीट आहे.

पाळकांनी बाईला बोलावून प्रश्न विचारले. तिची उत्तरं सरळ होती, नाही म्हणायला कोणाला जागा उरली नाही. प्रभुभोजनाचा रविवार ठरला.

आमच्याकडे प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा एकच चांदीचा प्याला फिरतो, सगळे त्यालाच ओठ लावतात. करोनानंतर पाळकांनी वेगळे प्याले सुचवले होते. तेव्हा नाना गरजले होते, "ज्याले प्यालानं भ्याव वाटस, त्याना इस्वास कमी शे."

तेच नाना त्या रविवारी जळगावहून प्लास्टिकच्या प्याल्यांचं खोकं घेऊन आले. औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढे प्याले. म्हणे, आरोग्य पाहावं लागतं. रोगाला न भिणारा माणूस एका मजूर बाईच्या ओठांना भ्याला, आणि सगळी मंडळी मुंडी हलवत बसली.

बाप्तिस्मा झाला. पाणी कपाळावरून ओघळलं तशी ती रडली. मग त्या टोपणाएवढ्या प्याल्यांचं तबक फिरलं. माझ्यापाशी आलं तेव्हा मी हळूच विचारलं, "आपला प्याला कुठे?"

"कपाटात," पाळक ओठांतल्या ओठांत म्हणाले.

मी हात लावला नाही.

बाहेर आल्यावर ती हसत म्हणाली, "आबा, किती चांगली रीत. प्रत्येकाला वेगळा प्याला. तुम्ही का नाही घेतला?"

नाना तिथेच चपला घालत होते. एक पाय चपलेत, एक बाहेर, कान माझ्याकडे. खरं सांगितलं असतं तर त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं असतं. पण तिचा दिवस नासला असता.

"घसा दुखतोय," मी म्हणालो.

नानांनी दुसरी चप्पल घातली आणि माझ्याकडे बघून गालात हसले. त्या हसण्याची मी त्यांना अजून क्षमा केलेली नाही. पाळक म्हणतात, करायला हवी. बघू.