गरम कुंडातला हात

“हाताला विचार गो, हात सांगतो,” हे सोनूबाईचं कायमचं बोलणं. वर्सोव्याच्या बंदरावर होड्या लागल्या की मासळीच्या ढिगापाशी ती वाकायची, माशाच्या पोटावर दोन बोटं टेकवायची आणि मासा कधीचा ते सांगून मोकळी व्हायची. डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. मासा धुऊन पुसून डोळ्यांना कसाही दाखवता येतो, म्हणायची. तिच्या बोटांनी निवडलेली पाटी अंधेरीच्या बाजारात चाळीस वर्षं बिनबोभाट खपली. सून कमळ सहा वर्षं तिच्यामागून पाटी वाहत होती, पण निवडीच्या वेळी तिनं बाजूला उभं राहायचं, हा घरचा कायदा.

त्र्याऐंशी सालच्या पौषात मात्र नेहमीचं गिऱ्हाईक असलेले विद्याधर मास्तर सुरमई परत घेऊन आले.

“सोनूबाई, मासा नरम निघाला हो,” ते हळूच म्हणाले, जणू चूक त्यांचीच.

आठ दिवसांनी दुसरं गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन आलं. सोनूबाईनं बर्फवाल्याला शिव्या घातल्या. घरी आल्यावर कमळला म्हणाली, “थंडीनं बोटं आखडलीत. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात शेकून येऊ. सुटली तर बरं, नाय तर बाजारातली जागा सोडते.”

जागा सोडलेली सोनूबाई कशी दिसेल, ते कमळला डोळ्यांपुढे आणता येईना. तिनं निमूट पिशवी भरली.

दोघी एसटीतून उतरल्या तेव्हा डोंगर अजून गारठलेले होते. तानसा नदी अंग चोरून दगडांमधून वाहत होती, आणि तिच्या काठालाच जमिनीच्या पोटातलं पाणी वाफाळत वर येत होतं. कुंडाभोवतीच्या बाया त्या वाफेत कमरेपर्यंतच दिसत होत्या. मुलुंडहून आलेल्या दोघी पायाचा अंगठा बुडवून पुन्हा पुन्हा मागे घेत होत्या.

“काय गो, अंगठ्याला काय विचारता?” सोनूबाई हसली. “त्याला काय कळतं?”

ती कोपऱ्यातल्या मोकळ्या कुंडाशी गेली, पायरीवर बसली आणि मनगटापर्यंत हात आत घातला. थोडा वेळ तसाच ठेवला.

“कोमट हाय. उतर, कमळ.”

सोनूबाईचा हात सांगतोय म्हटल्यावर कमळनं दुसरा विचार केला नाही. पाय टाकला आणि पोळून मागे घेतला. ओरडणार तोच तिची नजर सासूवर गेली. हात अजून पाण्यात होता. चेहरा शांत होता, एसटीची वाट बघत बसल्यासारखा.

कमळनं कोपराला धरून तो हात बाहेर ओढला. उकडलेल्या कोळंबीसारखा लाल झाला होता. तिनं सासूला तशीच नदीवर नेलं आणि हात थंड पाण्यात धरून बसली.

“दुखतंय?”

“नाय.”

“गार लागतंय?”

सोनूबाई आपल्या हाताकडे दुसऱ्या कुणाच्या वस्तूकडे बघावं तशी बघत राहिली.

“आये, कवापासून?”

“गणपतीपासून. बोटं बर्फात बधिर व्हायची, उन्हात जागी व्हायची. मग उन्हातपण होईनात. वाटलं, एवढ्या गरम पाण्यात तरी होतील.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगून काय? तुझा हात लावला असतास?”

 कमळनं लावला असता, हे दोघींनाही कळलं. तिनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून सैलसर बांधली. मुलुंडच्या बाया एव्हाना त्यांच्या कुंडात गळ्यापर्यंत उतरल्या होत्या.

चार दिवसांनी बंदरावर होड्या लागल्या. ढिगापाशी सोनूबाई सवयीनं वाकली, मग सरळ झाली आणि एक पाऊल मागे सरली.

“आज हिच्या हाताला विचारा,” ती होडीच्या तांडेलाला म्हणाली.

कमळनं पापलेटाच्या पोटावर दोन बोटं टेकवली. आधी नुसताच गारवा लागला. मग दाबलेलं मांस हळूच वर आलं, आतून कुणी परत ढकलावं तसं.

“आजचा हाय,” ती म्हणाली आणि सासूकडे बघितलं.

 सोनूबाईनं पाटीतली चुंबळ डाव्या हातानं काढून कमळच्या डोक्यावर ठेवली, दाबून नीट बसवली, आणि ती बोंबलांच्या वाळवणांमधून घराकडे निघाली. पट्टी बांधलेला हात अंगापासून थोडा लांब धरला होता. मागं वळली नाही. माशावरची बोटं तशीच ठेवून कमळ तिच्याकडे बघत राहिली. मागे खोळंबलेली बाई म्हणाली, “उचल ना गो लवकर,” तरी बघतच राहिली.