मालिकेतलं जेवण आणि आमची भाकरी

माझे वडील मालिका बघत नसत, ते वर्तमानपत्र वाचत. फक्त संध्याकाळी आईची मालिका सुरू झाली की त्यांना नेमकी टीव्हीसमोरचीच खुर्ची लागायची आणि ती संपेपर्यंत हातातलं पान काही उलटायचं नाही. शहागंजातल्या कापडाच्या दुकानात त्यांची उभी हयात गेली होती. गिऱ्हाईक घ्यायला आलंय की नुसतं बघायला, हे त्यांना लांबूनच कळायचं. आपण नुसतं बघायला बसतो हे मात्र घरात कुणालाच कळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

घरात केबल येऊन थोडेच महिने झाले होते. त्या मालिकेत एक भलंमोठं कुटुंब होतं आणि त्याहून मोठं जेवणाचं टेबल. बायका पहाटेपासून दागिन्यांनी मढलेल्या. आई लसूण सोलता सोलता म्हणायची, "एवढं घालून ह्यांना कणीक तरी मळता येती का?" पण बघायची मन लावून. मालिका संपली की ती उठायची, तवा ठेवायची आणि आमची पानं पडायची. वडील, धाकटा भाऊ आणि मी जेवायला बसायचो. आई एकेक भाकरी फुगवून तव्यावरून थेट ताटात टाकायची. बिडकीनकडची ज्वारी असायची. वडील पापुद्रा उचलून आत तेल सोडायचे आणि वाफ जायच्या आत पहिला घास घ्यायचे. भाकरी ताटात पडून राहिली तर त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

एका संध्याकाळी मालिकेतल्या म्हाताऱ्या घरधन्यानं बायकोला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि ती बसल्याशिवाय घास घेणार नाही म्हणाला. वर्तमानपत्राच्या आडून नाक ओढल्याचा आवाज आला. मालिका संपल्यावर वडिलांनी फर्मान काढलं.

"उद्यापासून सगळ्यांनी संगंच बसायचं जेवायला. आम्ही गिळायचं अन् तू तव्यापाशी बसायचं, ही काय तहजीब झाली?"

"अन् भाकरी कोण टाकील?" आईनं विचारलं.

"आधीच करून ठेव. त्यांच्यात नाय का, झाकून ठेवतेत."

"ते कुठं जेवतेत? वाढून झालं की भांडण होतं अन् समदे ताटावरून उठून जातेत."

मला हसू आलं आणि रागही आला. बाईला बरोबरीनं बसवायचं, तेसुद्धा हुकूम सोडून! पण आत कुठेतरी बरंही वाटलं. आमच्या नात्यात एवढंही कुणी कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईनं मालिका सोडली आणि भाकरी करून, फडक्यात गुंडाळून, डब्यात ठेवल्या. टेबल नव्हतंच. फरशीवर चार ताटं मांडली. आई अवघडून, अर्धवट उकिडवी बसली, कुणी काही मागितलं तर पटकन उठता यावं म्हणून. वडिलांनी ऐटीत सगळ्यांकडे पाहिलं. मग डब्यातली भाकरी घेतली आणि बोटांनी पापुद्रा शोधायला लागले. तो खाली चिकटून बसला होता. त्यांनी तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि चावत राहिले. बराच वेळ चावत राहिले.

आता ताट सरकवतात, असं मला वाटलं. आईलाही वाटलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "देऊ का एखादी गरम टाकून?"

"वातड झाली," वडील म्हणाले.

"गार झाल्यावर होतीच की. मी खाते तवा अशीच असती."

वडिलांचं चावणं थांबलं. "रोज?"

"मंग? तुमची जेवणं होऊस्तोवर, ओटा आवरूस्तोवर गारच व्हायची ना."

"कधी बोलली नाय."

"त्यात काय बोलायचं?" आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. नळाला पाणी कधी येतं ते सांगावं तसं तिनं सांगितलं. ती भाकरी वडिलांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मला त्यांची फार दया आली, आणि आईची किती आली ते सांगता येणार नाही.

आईनं मात्र सुटकेचा निःश्वास सोडला. भांडी विसळताना ती मला म्हणाली, "फिटली हौस. उद्यापासून तवा अन् मी."

दुसऱ्या दिवशी मालिका संपली आणि आई सवयीनं उठली. वडिलांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "तू बस," ते तिला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "आज तू टाक भाकरी. पहिली तिला."

माझी भाकरी कधी गोल व्हायची नाही. त्या दिवशीही एका बाजूनं फाटली, पण देवाच्या दयेनं फुगली. मी ती तव्यावरून उचलून थेट आईच्या ताटात टाकली. आई तिच्याकडे बघतच राहिली. मग वडिलांचं ताट रिकामं दिसलं आणि तिनं भाकरी मोडून अर्धी तिकडे सरकवायला हात पुढं केला. वडिलांनी आपलं ताट मागं ओढलं.

"खा म्हणलं ना."

आईनं घाईघाईनं तुकडा तोडला आणि तोंडात घातला. दुसऱ्याच क्षणी तोंड उघडून ती हा हा करायला लागली. डोळ्यांत पाणी आलं. उघड्या बोटांनी तव्यावरची भाकरी उलटणारी बाई, पण जीभ पोळली होती.

वडिलांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. मान खाली घालून, हळू आवाजात म्हणाले, "फुंकून खा. तुला सवय नाय."