गल्लीच्या आत, शहराच्या मधोमध

दिग्रसहून निघाले तेव्हा स्टँडवर निरोप द्यायला कोणीच नव्हतं, कारण आईच माझ्यासोबत पुण्याच्या गाडीत बसली होती. "खोली मी पाहीन, मंगच तुले सोडीन," असं तिनं घरीच सांगून टाकलं होतं.

मला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. रात्रपाळ्या असणार, म्हणजे दिवसा झोपायला शांतता हवी आणि जाण्यायेण्याला जागा मध्यात हवी. घर सोडून आलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, या दोन गोष्टी एकत्र मिळणं किती कठीण.

एजंटनं दाखवलेला पहिला फ्लॅट मला फार आवडला. पाचवा मजला, खाली झाडं, आवाज म्हणून नाही. आईनं समोरच्या दाराची बेल वाजवून प्यायला पाणी मागितलं. आतून "काही नको" असं उत्तर आलं. दार उघडलं नाही. लिफ्टमध्ये आई हळूच म्हणाली, "शांत तं मसनवटाही राह्यते. तू बिमार पडली तं पाह्यले कोन येईन?"

दुसरी जागा पेठेत होती. बाहेरच्या बाजाराचा गोंगाट ऐकून मी परतच निघाले होते. पण बोळात दोन वळणं घेतली आणि हॉर्न एकदम बंद झाले. एवढा आवाज जातो कुठे, या कुतूहलानं मी रस्त्यापर्यंत जाऊन पुन्हा आत आले. तोवर आई तळमजल्याच्या पायरीवर बसून घरमालकीण सुमनकाकूंशी बोलत होती. काकूंनी आडनाव विचारलं. दिग्रसहून जागा शोधताना, या प्रश्नानंतर काहींनी पुन्हा फोनच उचलला नव्हता.

आईनं आडनाव सांगितलं आणि वर म्हणाली, "आमी बौद्ध आहो."

"बरं," काकू म्हणाल्या. "पाणी सकाळीच येतं, तेवढं भरून ठेवत जा म्हणावं."

मी तिथेच राहिले. आता दिवसा मी झोपलेली असते तेव्हा काकू कुरिअरवाल्याला खालीच थांबवतात. माझ्या बोलण्यात आईचं 'काहून' आणि काकूंचं 'अगंबाई' शेजारी शेजारी नांदतात.

गेल्या हिवाळ्यात सुट्टीवर दिग्रसला होते. काकूंचा फोन आला, स्पीकरवरच त्यांनी विचारलं, घरी कधी येतेस म्हणून. आई समोरच तुरीच्या शेंगा निवडत होती. 'घरी' ऐकून तिला काय वाटेल, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं.

"सांग ना तिले," आई म्हणाली, "सोमवारी येतो घरी."

आणि तिनं काकूंसाठी चांगल्या भरलेल्या शेंगा बाजूला काढायला घेतल्या.