अकरा ते चार

२ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी सातला हवेतला दमटपणा ९३. वारा नाही. मोठा टॉवेल कालपासून दोरीवर आहे, अजून ओलाच. भाऊजींनी आज ट्रेलर उघडला. आत बुरशी. धाकटी दारातूनच खोकत परतली. १२ तारखेला निघायचं आहे.

हे भाऊजी म्हणजे माझे दीर आणि धाकटी म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ. आमच्या दोन घरांमध्ये एकच कुंपण आहे. त्यातलं फाटक दिवसातून दहा वेळा वाजतं, कारण भाऊजी दर वेळी आठवणीने कडी घालतात. एकतीस वर्षं त्यांनी शीतगृहात काढली. तिथे दार उघडं राहिलं की माल गेलाच. हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं, की कामावर सगळे त्यांना कडीसाहेब म्हणत. निवृत्तीनंतरही काही फरक पडला नाही. आपण साखर काढत असावं आणि यांनी मागून येऊन डब्याला झाकण लावावं. चमचा आपल्या हातातच.

ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचं दोन खाटांचं घर. धाकटीला दमा आहे. परक्या ठिकाणच्या गाद्या-उशा तिला सोसत नाहीत, म्हणून कुठे जायचं तर रात्री मुक्काम ट्रेलरमध्येच. आता दोन दिवसांच्या वाटेवर राहणारी तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळली आहे. "एकदा येऊन जा" असा तिचा निरोप आला होता. दुसऱ्यांदा येईल की नाही, कोणी सांगावं?

आणि हिवाळ्यात ट्रेलर परसात उभा करताना भाऊजींनी त्याची छताची झडप चिकटपट्टीने बंद केली, खिडक्यांच्या फटींत रबर कोंबलं आणि वरून प्लास्टिक गुंडाळून दोरीने आवळलं. धूळ नको, किडा नको, दमट हवा तर नकोच नको. दमट हवा आधीच आत होती, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

शुक्रवारी दुपारभर त्यांनी साबणाच्या पाण्याने भिंती पुसल्या, कपाटं घासली. संध्याकाळी समाधानाने सगळं बंद केलं आणि कडी घातली. शनिवारी सकाळी उघडलं तर भिंतींवरून पाणी ओघळत होतं.

"ओलं पुसून कोंडलंत?" माझ्याकडे चहाला आल्यावर धाकटी म्हणाली. "मलाही असंच पुसून ठेवा आता फडताळात."

"अगं, सवयीने हात गेला."

"हात तुमचा, श्वास माझा."

ते चहाला न थांबता उठून गेले. रविवारी मग दुसरं टोक. पहाटेच सगळी दारं-खिडक्या सताड उघडल्या. दहाच्या सुमारास माझ्याकडे आले, बसले, उठले, पुन्हा बसले.

"वहिनी, उघडं ठेवूनही गाद्या ओल्याच लागतात. मी करू तरी काय?"

आमच्या व्हरांड्यात माझ्या यजमानांनी बसवलेला दमटपणाचा काटा आहे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण दिवसातून चारदा आकडा टिपणं मी सोडलेलं नाही. मी आठवड्याची पानं उलटून दाखवली. सकाळी सातला नव्वदीच्या पुढे. अकराला सत्तर. दोनला साठ-बासष्ट. संध्याकाळी सहाला पुन्हा ऐंशीपार.

"भाऊजी, पहाटे तुम्ही ओली हवा पाहुण्यासारखी आत बोलावताय. अकराला उघडा, चारला खिडक्या लावा. झडप मात्र कधीच लावायची नाही."

"कधीच?"

"कधीच."

त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी घराचं दार काढून टाकायला सांगितलं.

पण केलं त्यांनी. गाद्या आडव्या न ठेवता भिंतीला उभ्या केल्या, खण बाहेर ओढले, कपाटं उघडी टाकली. पंखा खिडकीत बाहेर तोंड करून बसवला, म्हणजे आतली हवा तो बाहेर ढकलेल. पिंपाचं जुनं झाकण वाकवून झडपेवर पत्र्याची टोपी केली. पाऊस अडेल, हवा नाही. एवढं करूनही त्यांच्या जिवाला चैन नव्हती. मंगळवारी फाटक चौदा वेळा वाजलं. "वहिनी, किती झाला?" "भाऊजी, काटा आहे तो, धावतं घोडं नाही."

गुरुवारी दुपारी तीनला आभाळ दाटलं. आम्ही तिघं त्यांच्या मागच्या पायरीवर होतो. खिडक्या लावून आले, तरी भाऊजींचे डोळे झडपेवर. एकदा उठले.

"बसा," धाकटी म्हणाली.

बसले. पुन्हा उठले.

"बसा म्हणते ना."

शेवटी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता आणि हा माणूस अर्धा तास स्वतःच्या हातांवर बसून होता. पाऊस थांबताच धावले. आत जमिनीवर रुपयाएवढे तीन थेंब होते. त्यांनी ते रुमालाने टिपले आणि झडप तशीच ठेवली.

रविवारी, ११ तारखेला, परीक्षा. जेवण झाल्यावर धाकटी दम्याचा फवारा मुठीत घेऊन ट्रेलरमध्ये आडवी झाली. आज धाप लागली तर उद्याचं जाणं रद्द, हे तिनेच ठरवलं होतं. भाऊजी बाहेर पत्र्याला कान लावून उभे. दहा मिनिटांनी आतून आवाज आला, "जरा लांब व्हा. तुमच्याच धापेचा आवाज येतोय."

दीड तासाने ती उतरली. गालावर उशीची वळी, फवारा न वापरलेला. "उशाकडच्या कपाटाला अजून वास आहे," एवढंच म्हणाली. "पण जमेल."

भाऊजींनी पेचकस आणला, त्या कपाटाचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं आणि काखेत घेऊन माझ्याकडे आले.

"वहिनी, हे इथेच असू दे. माझ्याजवळ राहिलं तर वाटेत कुठेतरी बसवीन."

सोमवारी साडेसहाला दोघं निघाली. झडप उघडी होती; मी फाटकातून पाहिली.

१२ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळी सहाला ८१. ट्रेलरच्या कपाटाचं दार माझ्या खोलीत खिडकीपाशी उभं केलं आहे. चार स्क्रू बटणांच्या डब्यात ठेवले.